डकिश की डार्किश

पिंचर्स कोव्ह
७ जानेवारी

वर्ना,

तुझी तब्येत विचारायला हे पत्र लिहीत नाहीये. ती ठणठणीतच असणार. आईच्या अंत्यविधीला आली होतीस तेव्हा गाल चांगले वर आले होते. काळी टोपी घालून चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसलीस, नंतर हॉलमध्ये सँडविचेस खाल्लीस आणि दुसऱ्या दिवशीच्या फेरीबोटीने सेंट जॉन्सला पसार झालीस. सख्ख्या बहिणीशी बोललीस ती दोन वाक्यं. एक हवेबद्दल आणि दुसरं सँडविचांबद्दल.

लिहायचं कारण वेगळंच आहे. ऑलिव्ह पार्डीने दुकानातल्या फळ्यावर तुझं पत्रक डकवलंय. ‘कॉनर प्रेस मार्च महिन्यात नवी हस्तलिखितं मागवत आहे. आपल्या किनाऱ्याच्या गोष्टी, आपल्या माणसांच्या तोंडून.’ मी डब्याचं दूध घ्यायला गेले होते, तिथेच उभ्या उभ्या हसू फुटलं. आपल्या माणसांच्या तोंडून! हे तू लिहावंस? प्रकाशनाला नाव मात्र झकास दिलंयस. कॉनर. धक्क्याखाली घोटाळणारा, गळाला लागला तर पोरंही परत पाण्यात फेकून देतात असला मासा.

तर ऐक. माझं एक पुस्तक लिहून झालंय. आईवर आहे. आणि ते मी तुला पाठवणार नाहीये. पाठवायचं विसरले असं नाही, लाजले असं नाही. ठरवून पाठवणार नाहीये. एवढं तुझ्या कानावर घालावं म्हणून तिकिटाला खर्च करतेय.

का, ते तुला ठाऊक आहे. पण तू सोयीस्कर विसरणाऱ्यांतली, म्हणून परत सांगते. तुझ्या कॉनर प्रेसचं पहिलं पुस्तक निघालं, आपल्या किनाऱ्यावरच्या आठ-दहा जणांचं लिखाण असलेलं, त्यात माझी तीन पानं होती. बाबा वादळात अडकले होते तेव्हाची गोष्ट. ‘आई रोज डकिशला खिडकीशी बसायची’, असं पहिलं वाक्य. प्रकाशन आपल्याच पॅरिश हॉलमध्ये केलंस, सगळा गाव जमला होता. तू मला पुस्तक हातात दिलंस, मी उघडलं आणि सगळ्यांसमोर वाचायला लागले, ‘आई रोज डार्किशला खिडकीशी बसायची.’ छापलंच होतं तसं. तोंडातून गेलं आणि मग डोळ्यांना दिसलं. आई पुढच्याच रांगेत. तिचा आवाज तुला माहीत आहे.

“काय म्हणाली? डार्किश? हे कुठलं गं नवीन? टोरांटोचं का?”

हॉल हसून हसून आडवा झाला. तेव्हापासून या गावात मी डल्सी राइडआउट नाही. मी डार्किश. कालच्याच रात्रीचं घे. जुन्या नाताळची सोंगं घेऊन मंडळी आली, तोंडावर पडद्याची जाळी, अंगात नवऱ्यांचे रेनकोट. दारातूनच आवाज बदलून विचारतात, “डार्किश आहे का घरात?” इतकी वर्षं झाली, त्या पुस्तकातलं दुसरं एक अक्षर कुणाला आठवत नाही.

आणि त्या दिवशी चहाच्या किटलीपाशी मी तुला धरलं तेव्हा तू काय म्हणालीस? “मी केलं नाही. ते मशीननं केलं. विश्वास ठेव नाहीतर नको ठेवू.” मशीननं! आणि त्यावर कडी म्हणजे, मी आणखी दोन शब्द बोलले तर फणकारलीस, “आणि तसंही बाहेरच्या लोकांना डकिश वाचून बदकंच आठवली असती.” तेव्हाच मला कळायचं ते कळलं. मशीनला बदकांची लाज वाटत नाही गं. तुला आईच्या तिन्हीसांजेच्या शब्दाची लाज वाटली.

पुस्तकाचं नाव ‘डकिश’ आहे. हेही कळवून ठेवते.

डल्सी


३० जानेवारी

वर्ना,

तुझं पाकीट मिळालं. मला वाटलं आत पत्र असेल. आत काय, तर छापील नियमावली! ‘हस्तलिखित टपालानेच पाठवावे. दोन ओळींत जागा सोडावी. लेखकाचे नाव कुठल्याही पानावर नसावे. नाव वेगळ्या बंद पाकिटात द्यावे. संपादक लेखकाची ओळख नसतानाच वाचतात.’ बहिणीने शिव्या घालणारं पत्र लिहिलं तर त्याला उत्तर म्हणून नियमावली. तुझ्या काळजात नक्की काय भरलंय ते एकदा उघडून बघायला हवं. लाकडाचा भुसा निघेल.

हेडलीने ती नियमावली माझ्या हातून घेतली आणि चष्मा लावून सगळी वाचली. माझा नवरा बोलतो कमी, पण बोलला की लगेच न कळता मागाहून कळेल असं बोलतो.

“म्हणजे तिनं पाठव म्हटलंय,” तो म्हणाला.

“कुठं म्हटलंय? एक अक्षर तरी आहे का तिच्या हातचं?”

“पाठवू नको म्हणायचं असतं तर काहीच पाठवलं नसतं. तुम्ही दोघी बहिणी आहात. एकमेकींना गप्प राहून मारता.”

मी म्हटलं, तू सूप पी.

तुला वाटत असेल मला दुसरं कोणी विचारत नाही म्हणून मी तुझ्या दाराशी घुटमळतेय. मी दोन ठिकाणी पाठवून पाहिलंय. टोरांटोच्या मोठ्या लोकांनी एक छापील चिठ्ठी पाठवली, तीही माझं नाव चुकवून. हॅलिफॅक्सच्या बाईने मात्र प्रेमाने पत्र लिहिलं. भाषा फार गोड आहे म्हणे, समुद्र तर डोळ्यांसमोर उभा राहतो म्हणे, पण एखादा खून घालता येईल का? आजकाल छोट्या बंदरांतले खून फार खपतात. मी ते जेवताना वाचून दाखवलं. हेडली पावाच्या तुकड्याने वाटी पुसत होता. मान वर न करता म्हणाला, “घाल की. वर्नाचा घाल.”

त्या दिवसापुरती मी त्याला माफी दिली.

पण खरं सांगते, गंमत बाजूला ठेवून सांगते, मला घाई झालीये. ऑलिव्हची नात परवा दुकानात गल्ल्यावर होती. मी सहज म्हटलं, डकिश व्हायच्या आत घरी जाते. ती म्हणाली, “काय व्हायच्या आत?” चांगली मोठी मुलगी आहे, कॉलेजला जाणार आहे. हा शब्द तिच्या कानावर कधी पडलेलाच नाही. आई गेली आणि तिच्याबरोबर तो शब्द बोलणारं या बंदरात माझ्याशिवाय कोणी उरलं नाही. मी सारखा बोलते, भिंतीशी बोलल्यासारखा. मी गेले की तो कुणी बोलणार नाही. म्हणून तो छापला जायला हवा. धड छापला जायला हवा. आणि आपल्या किनाऱ्यावरचं असलं पुस्तक छापणारी माणसं या अख्ख्या बेटावर शोधून शोधून सापडतात कोण, तर तू. याच्याइतका संताप मला आयुष्यात दुसऱ्या कशाचा आला नसेल.

तरी पाठवणार नाही.

डल्सी


१७ फेब्रुवारी

वर्ना,

शेवटी तू स्वतःच्या हाताने लिहिलंस. अक्षर अजून तसंच, शाळेतल्या बाईंनी शाबासकी द्यावी असं गोलगोल. आणि मजकूर वकिलाचा.

म्हणजे माझाच गळा माझ्याच दोरीने आवळलास. मी तुला दोन पत्रं लिहून पुस्तक कशाबद्दल आहे, नाव काय आहे, कोणी लिहिलंय ते सगळं सांगितलं, म्हणून आता ते तुला ‘ओळख नसताना’ वाचता येणार नाही. म्हणून ते कॉनर प्रेसकडे आलं तर तू त्याला हात लावणार नाहीस, ते ओंटारियोहून आलेले तुमचे मिस्टर वेदरबी वाचतील आणि काय ते ठरवतील. आणि मला तूच वाचायला हवी असशील तर मी ते तुझ्या घरच्या पत्त्यावर पाठवावं, तू बहीण म्हणून वाचशील, पण मग ते प्रेसकडे कधीच येणार नाही. ‘दोन्ही होणार नाही. तुझं तू ठरव.’ आणि खाली तुझी सही.

म्हणजे बहीण हवी की पुस्तक. बरोबर ना? कोणत्या पुस्तकातून शिकलीस गं हे?

मी एवढी संतापले की कणकेचा गोळा ओट्यावर आपटून आपटून त्याचा जीव घेतला. त्या दिवशी तव्यावर तळलेले टाउटन पाव इतके हलके झाले की हेडलीने वरून मोलॅसिस ओतता ओतता विचारलं, वर्ना परत कधी लिहिणार आहे?

हा वेदरबी कोण? त्याने कधी मासा तरी सोलला आहे का? त्याला डकिश दिसेल आणि बदकं दिसतील. तूच म्हणाली होतीस. सूर्य बुडालाय पण काळोख झालेला नाही, सुईत दोरा ओवता येत नाही आणि दिवा लावायचा नाही, असं नुसतं बसून राहायचं असतं हे त्या माणसाला कोण सांगणार? आपल्या घरात त्या वेळी कुणी काम केलेलं आठवतं का तुला? बाबा जाळं खाली ठेवायचे. आई हात पुसून बसायची. आपण दोघी तिच्या दोन बाजूंना. “दिवा नको गं अजून. डकिश आहे.” आणि मग ती बोलायची. दिवसभर जे बोलायची नाही ते सगळं त्या वेळात बोलायची. तुझ्या-माझ्या तोंडात जी काही भाषा आहे ती त्या अंधुकात बसून आलेली आहे. तिथून उठून तू शहरात गेलीस, प्रकाशक झालीस. आणि पहिलं काम काय केलंस, तर त्या वेळेचं नावच पुसलंस.

पत्राच्या तळाशी परत एकदा तेच लिहिलंयस. ‘तो शब्द मी बदललेला नव्हता. मशीननं बदलला होता, आणि मी पाहिलं नाही. हे मी तुला तेव्हाच सांगितलं होतं.’ वर्ना, लहानपणी बेकॲपलच्या जामाची बरणी फुटली तेव्हा तू वाऱ्याने फुटली म्हणाली होतीस. खिडकी बंद होती. तेव्हापासून तुझ्या वाऱ्याला आणि मशीनला मी ओळखून आहे. डोळ्यांत तेल घालून वाचायचं हेच तुझं काम. दुसऱ्यांच्या पानावरचा स्वल्पविराम तुला शंभर पावलांवरून दिसतो. आईचा शब्द मात्र दिसला नाही!

आणि बहीण म्हणून वाचशील, असं कुठल्या तोंडाने लिहितेस? पुस्तकातला निम्मा भाग आईच्या शेवटच्या दोन वर्षांचा आहे. त्यात तू नाहीस. मी तुला काढून टाकलेलं नाही, तू नव्हतीसच. तिला उचलून बसवलं मी. तिला सूप भरवलं मी. ती मला आपली आई समजून हाका मारायची तेव्हा ‘ओ’ दिली मी. तू काय दिलंस? सुतळीचा तोडा तरी दिलास का कधी?

उत्तर लिहू नकोस. मला ठरवायचं आहे.

डल्सी


१२ मार्च

वर्ना,

ठरलं. पुस्तक प्रेसच्या पत्त्यावर पाठवतेय. हे पत्र तुला घरी मिळेल आणि पाकीट ऑफिसात. दोन्हींची गाठ घालून देऊ नकोस, तुझ्या त्या पवित्र नियमात बसणार नाही.

कसं ठरवलं ते तुला सांगायची गरज नाही, पण सांगते. महिनाभर चर्चच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर बसून टाइप केलं. पास्टरबाईंनी किल्लीच देऊन ठेवली होती. दोन बोटांनी टाइप करते मी, तीही संधिवाताची. आणि ते मशीन तुझंच भावंड! ‘डकिश’ लिहिलं की खाली लाल रेघ. परत लिहिलं की परत लाल रेघ. अख्ख्या पानाला गोवर आल्यासारखं दिसायचं. शेवटी एक दिवस त्याच्यावर चिडून काहीतरी दाबलं, तर एक चौकट आली, सगळीकडे करू का म्हणून विचारलं. मी म्हटलं कर बाबा. सगळ्या रेघा गेल्या. शेवटी त्यालाही अक्कल आली.

मग सगळं छापून काढलं, आणि पानांची चवड दिवसभर स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवली. परत वाचलं नाही. पाठ आहे मला ते. आणि शेवटचं प्रकरण परत वाचायची माझ्यात ताकद नाही, हे सरळच सांगते. एकदा लिहिलं तेवढं पुरे.

हेडली म्हणाला, “घरच्या पत्त्यावरच पाठव तिला.”

“का म्हणून?”

“तुला तिनंच वाचायला हवंय. जानेवारीपासून बघतोय मी. त्या ओंटारियोवाल्याला वाचायला द्यायचं म्हणून कोणी इतक्या शिव्या लिहीत नाही.”

“मग छापणार कोण?”

“ते मला माहीत नाही. मी नुसतं काय दिसतंय ते सांगितलं.”

दिसतं त्याला बरंच. पण मी त्याचं ऐकलं नाही. कारण तू वाचलंस तर काय होईल? एक तर रडशील, ते मला नकोय. नाहीतर गोलगोल अक्षरात सुरेख पत्र लिहिशील, तेही मला नकोय. आणि मग ते पान न् पान तुझ्या कपाटात जाऊन पडेल, आणि ऑलिव्हची नात म्हणतच राहील, काय व्हायच्या आत? आईचा शब्द तुझ्या कपाटात पडून राहण्यापेक्षा वेदरबीच्या बदकांत गेलेला परवडला. मला बहीण नको. असून काय उजेड पडला? मला छापणारी हवी आहे.

वरचं पान तेवढं मी हाताने लिहिलं. मोठ्या अक्षरांत ‘डकिश’. नाव वेगळ्या पाकिटात घातलंय, तुझ्या नियमाप्रमाणे. दुकानातल्याच टपालखिडकीत ऑलिव्हने वजन केलं, शिक्का मारला आणि विचारलं, “काय गं डार्किश, एवढं जाडजूड कुठे पाठवतेस?”

मी म्हटलं, “शत्रूकडे.”

“वर्नाकडे होय,” म्हणाली, आणि पोत्यात टाकलं.

आता जे व्हायचं ते होईल. तो माणूस नाही म्हणाला तर मला ते त्याच्याकडूनच कळू दे. तुझ्या अक्षरात ‘नाही’ वाचायची माझी तयारी नाही.

डल्सी


२७ मार्च

वर्ना,

पाकीट परत आलं.

ऑलिव्हने ते माझ्या हातात दिलं तेव्हा मला वाटलं झालं, संपलं. वाटेत उघडलं नाही. वारा होता. घरी येऊन कोटसुद्धा न काढता टेबलाशी बसले आणि वरचं पान उलटलं. खालच्या पानावर पहिलीच ओळ. ‘आई रोज डार्किशला खिडकीशी बसायची.’ डार्किशवर पेन्सिलीची एक आडवी रेघ, आणि वर तुझ्या त्या गोलगोल अक्षरात, डकिश.

मला आधी काही समजेचना. मला वाटलं तू मुद्दाम जुनं पुस्तक फाडून घातलंयस, माझी चेष्टा करायला. मग दुसरं पान. मग तिसरं. प्रत्येक पानावर ते. माझ्या पुस्तकात, आईच्या पुस्तकात, तिच्या शब्दाच्या नावाने लिहिलेल्या पुस्तकात, तो शब्द एकदाही नव्हता. एकदाही नव्हता, वर्ना. फक्त वरच्या पानावर होता, जो मी हाताने लिहिला होता. आणि प्रत्येक ठिकाणी तुझी पेन्सिल. घाईघाईत कुठेही मारलेली नाही. प्रत्येक वेळी तो शब्द तू पूर्ण लिहिलायस.

हेडली आत आला, माझं तोंड बघितलं आणि परत बाहेर गेला.

मग तुझी चिठ्ठी वाचली. तीही आता पाठ झाली आहे. ‘डल्सी, पाकीट उघडलं ते फक्त नोंद करायला. वर तुझ्या हातचं डकिश आणि खाली पहिल्या ओळीत डार्किश. हे असं वेदरबींच्या हातात जाऊ देणं मला शक्य नव्हतं. बसले आणि सगळं वाचलं. नियम मोडला, तेव्हा माझं मत आता धरलं जाणार नाही. ठरवतील ते एकटे वेदरबीच. महिना संपायच्या आत धड करून परत पाठव. काय झालं असेल ते विचारत नाही.’

विचारत नाहीस! मोठी उदार! विचार ना! मी तुला तोंडाला आलेल्या प्रत्येक शब्दाने विचारलं होतं तेव्हा. मी तुला हॉलमध्ये सगळ्यांच्या देखत विचारलं होतं. तूही विचार, ओरड, म्हण की डोळ्यांत तेल घालून का नाही वाचलंस. म्हण की खिडकी बंद होती. त्यातलं काहीच न म्हणता तू पेन्सिल घेऊन बसलीस, याचं मी काय करू?

तू विचारत नसलीस तरी मी सांगते. मी केलं नाही. ते मशीननं केलं. त्या चौकटीने विचारलं, मी हो म्हटलं, मला वाटलं ते रेघा पुसतंय. विश्वास ठेव नाहीतर नको ठेवू.

हे वाक्य लिहिलं आणि माझा हात थांबला. ते कुठे ऐकलंय ते मला आठवलं. तुलाही आठवलं असेल. त्यावर आणखी काही लिहायला सांगू नकोस, मला जमणार नाही. जामाच्या बरणीचं मात्र मी मागे घेत नाही. ती तूच फोडलीस.

वाचलंस त्याबद्दल एक शब्द नाही चिठ्ठीत. बरं वाटलं की वाईट, काही नाही. शेवटच्या प्रकरणातल्या पानांवर पेन्सिल जरा जास्त दाबून फिरली आहे, तेवढंच दिसतं. एका पानाचा कोपरा सुकून ताठ झालाय. तुझा चहा सांडला असेल.

गेले चार दिवस चर्चच्या ऑफिसात बसून एक एक शब्द परत केला. चौकट आली की नाही म्हणते. लाल रेघा सगळ्या परत आल्या आहेत, येऊ देत. पास्टरबाईंनी विचारलं, काही मदत करू का? मी म्हटलं, फक्त कुणाला या मशीनला शहाणं करू देऊ नका. बर्फ आल्यामुळे फेरी बंद आहे. हेडली उद्या सकाळी पाकीट बोटीने पलीकडे नेऊन तिथल्या टपालात टाकेल. बर्फात बोट घालणं शहाणपणाचं नाही, हे मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, महिना संपतोय. वेदरबीला जे म्हणायचं ते म्हणू दे. आता तो निदान आईचा शब्द वाचून नाही म्हणेल. हो म्हणाला तर छापताना त्या पानांवर नजर तुझी हवी, त्याची नको. हे मी मागतेय असं समजू नकोस. अट आहे.

एक मात्र तू चुकलीस, आणि ते मी सोडणार नाही. शेवटच्या प्रकरणात आई खाटेवर आहे आणि तिच्या अंगात स्वेटर आहे तिथे मी ‘डार्किश स्वेटर’ लिहिलं होतं. माझ्या हाताने, मुद्दाम, मशीनने नाही. तिथेही तू आंधळ्यासारखी रेघ मारून डकिश केलंस. वेळेचा काय संबंध तिथे? तो स्वेटर डार्किशच होता, गडद, जरा निळ्याकडे जाणारा. तूच विणून पाठवला होतास आणि तुलाच त्याचा रंग आठवू नये? धुवायलासुद्धा काढू द्यायची नाही ती तो. त्यातच गेली.

कुणी विणला ते आधी लिहिलं नव्हतं. आता लिहिलंय. ते वाक्य त्यामुळे थोडं लांब झालंय. त्याला हात लावू नकोस.

डल्सी